फाटकापाशी सुटणारा गिअर

८ जानेवारी

भाऊजी,

त्या दिवशी सकाळी मी चादरी पिळून दोरीवर टाकत होते. दूध गॅसवर होतं, म्हणून एक कान स्वयंपाकघराकडे. हे बाहेर गाडीचं बॉनेट उघडून उभे. हातात ती लांब पट्टी, खांद्यावर जुन्या बनियनचा तुकडा. म्हणाले, "इकडे ये जरा, बघून ठेव. गिअरचं तेल असं बघायचं." मी म्हटलं, "मला काय करायचंय? मी काय गाडी चालवणारेय?" तरी गेले. त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. "पहिल्यांदा ती खोटंच बोलते," म्हणाले, "पुसून घातली की खरं सांगते. आणि दुसरं म्हणजे..." तेवढ्यात दुधाचा वास आला आणि मी पळाले. शेगडी पुसली, फरशी पुसली, मग चादरी राहिल्या होत्या त्या टाकल्या. दुसरं म्हणजे काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

हे सगळं सांगायचं कारण, गाडी बिघडली आहे. हे गेल्यावर मी या वयात गाडी शिकले हे तुम्हाला लेकीनं कळवलं असेलच, हसून कळवलं असेल. पण शिवणखान्यात मला काम मिळालंय, गणवेश शिवायचं. ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. बस तिकडे जात नाही. गाडी आहे म्हणून काम आहे. आणि काम आहे म्हणून मी या घरात एकटी राहू शकते. लेक म्हणते, "आई, ते जुनं धूड विक, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये." ती प्रेमानंच म्हणते. पण मला नाही जायचं. तेव्हा गाडी दुरुस्त होणार की नाही, एवढं मला तुमच्याकडून कळायला हवं.

काय होतं ते सांगते. मध्येच इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे जात नाही. वळणावर जास्त. कुणी हात धरून चालता चालता सोडून द्यावा, तशी हलकी होते. मग थोड्या वेळानं धक्का बसतो आणि पुन्हा धरते.

फोन केला असता, पण तुमच्या कानांचं मला माहीत आहे.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनींना नमस्कार.

पत्र आलं, बरं वाटलं. फोनवर मी हो-हो म्हणतो ते ऐकू येतं म्हणून नाही, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअरबॉक्स ऐकले, त्यांनीच माझे कान खाल्ले. आता तुम्हालाच माझे कान व्हावं लागेल. तुम्ही पुस्तकं वाचता, तेव्हा आवाज शब्दांत पकडायला तुम्हाला जड जाणार नाही.

मला एवढं कळवा. तेल पांढऱ्या फडक्यावर टिपा. लाल आहे, तपकिरी आहे की काळं? वास घ्या. जळका आहे का? सकाळी गार गाडी नीट चालते आणि तापल्यावर बिघडते, की उलट? दांडा पी वरून, म्हणजे उभीवरून, डी वर, म्हणजे चालतीवर आणला की गाडी लगेच पकड घेते की विचार करत बसते? आवाज गुणगुणल्यासारखा आहे की खडखडल्यासारखा?

आणि मुख्य म्हणजे तेल तुम्ही कसं बघता ते अगदी पहिल्यापासून लिहा. हसणार नाही.

विकायची घाई करू नका. दादानं त्या गाडीला पोटच्या पोरासारखं जपलंय. अशा गाड्या सहजासहजी दगा देत नाहीत.

भाऊजी


२८ जानेवारी

भाऊजी,

तेल तपकिरी, पण काळं नाही. जळका वास नाही, लोखंडी डब्यात ठेवलेल्या खोबरेल तेलासारखा काहीतरी आहे. सकाळी ठीक, तापली की बिघडते. डी वर आणली की एखाद्या म्हाताऱ्याला उठायला सांगितल्यासारखी आधी थांबते, मग उठते. आवाज शिवणयंत्राचा पट्टा सैल झाल्यावर चाक नुसतं फिरतं ना, तसा. फिरण्याचा आवाज आहे, पण काम होत नाही.

तेल मी असं बघते. रविवारी सकाळी बॉनेट उघडते, पट्टी काढते, पुसते, घालते, काढते. इंजिन बंदच ठेवते. सुरू इंजिनाच्या पंख्याशेजारी हात न्यायची मला भीती वाटते. एकदा पट्टीवर तेल खुणेच्या खूपच वर दिसलं. इथला गॅरेजवाला, त्याला सगळे टकळी म्हणतात, त्याला दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, पोट फुगलंय हिचं," आणि खालून बाटलीभर काढून टाकलं. त्यानंतरही एकदा जास्त दिसलं, तेव्हाही काढलं.

आता तुम्ही हसणार नाही म्हणालात, ते लक्षात ठेवा.

वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

हसलो नाही. बायको म्हणाली, "पत्र वाचून कपाळाला हात काय लावलात?" एवढंच.

दादाचं "दुसरं म्हणजे" मी पूर्ण करतो. दुसरं म्हणजे, हे तेल इंजिन सुरू ठेवून बघायचं. गाडी तापवायची, ब्रेक दाबून दांडा सगळ्या खाचांतून एकदा फिरवायचा, पुन्हा पी वर आणायचा आणि मग पट्टी काढायची. इंजिन बंद केलं की वरचं तेल सगळं खाली उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. तुम्हाला पोट फुगलेलं दिसलं, ती खरं तर उपाशी होती. आणि त्या टकळीला सांगा, तोंड बंद ठेवून डोकं उघडत जा.

तेल कमी असलं की वळणावर ते एका बाजूला पळतं, आतला पंप हवा ओढतो आणि गिअर सुटतो. तुमचं दुखणं तेच आहे. तेल भरा, खुणेपर्यंत, तुम्ही कापड मोजता तसं बेतानं. भरायच्या आधी तळाची झाकणी उघडून घ्या. आत लोहचुंबक असतो. त्यावर बारीक चिखल असला तर चालेल, तुकडे असले तर मला लगेच कळवा.

आणखी एक. या आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या चालवणाऱ्याचा पाय ओळखायला शिकतात. कोण कधी दाबतो, कधी सोडतो, ते आतल्या पेटीत साठत जातं आणि त्याप्रमाणे गिअर बदलतो. तुमच्या गाडीत अजून दादाचा पाय आहे असं समजा. तुमचा पाय वेगळा, म्हणून ती गोंधळते. बॅटरीची तार रात्रभर काढून ठेवा, म्हणजे ते जुनं पुसलं जाईल आणि ती तुमच्याकडून नव्यानं शिकेल.

भाऊजी


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा अंदाज खरा ठरला. तेल भरलं आणि गाडी माणसात आली. चुंबकावर नुसता राखाडी चिखल होता, बोटांत चोळून बघितला, कण लागला नाही. वळणं घेते, चढ चढते, डी वर आणली की लगेच पकडते. टकळीला तुमचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "तुमच्या दिरांना म्हणावं, या इथे, जागा रिकामी आहे."

तार काढून ठेवली होती, तुम्ही म्हणालात तशी.

एकच राहिलंय. शिवणखान्याला जाताना एक लांब सरळ रस्ता लागतो. डावीकडे विटांची भिंत, खूप जुनी. त्या भिंतीच्या मध्याशी गाडी अजून सुटते. इतरत्र कुठेही नाही. इंजिन ओरडतसुद्धा नाही आता. आवाज खाली येतो, जसा कुणी बोलता बोलता आवाज उतरवावा. गाडी हळू होते, घरंगळत जाते आणि एका पत्र्याच्या फाटकासमोर जवळजवळ थांबते. मग अलगद पुन्हा पकडते आणि चालू लागते. धक्काही बसत नाही. रोज जाताना तिथेच होतं; येताना मी भाजी घेत बाजारावरून येते.

मी हा रस्ता पूर्वी कधी पाहिला नव्हता. ह्यांच्या कामाचा रस्ता हाच, पण मला कुठे न्यायचं असलं की हे बाजारावरून वळसा घालत. "तिकडे खड्डे आहेत," म्हणत. खड्डा तर एकही नाही.

काल तिथे थांबले तेव्हा गाडीतल्या घड्याळात नऊ वाजले होते. म्हणजे खरे नऊला पाच कमी. ह्यांनी ते पुढे ठेवलंय, उशीर होऊ नये म्हणून. मी तसंच राहू दिलंय.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

एक विचारू का? बॅटरीची तार काढली की गाडीतलं घड्याळ बंद पडतं, पुन्हा लावावं लागतं. तुमचं घड्याळ अजून दादानं ठेवलं तसंच पुढे आहे. मग तार कुणी काढली?

रागावलो नाही. तुम्ही का काढली नसेल ते माझ्या लक्षात आलं आणि मी ते असं लिहायला नको होतं, तेही लक्षात आलं. पाय आहे, पाय पुसला जाईल, हे काय बोलणं झालं. आम्ही कारागीर माणसं, बोलतो आणि मग जीभ चावतो. पण वहिनी, मागून ट्रक येत असेल आणि गाडी मध्येच हळू झाली तर काय होईल? तुम्हीच विचार करा.

त्या जागेबद्दल म्हणाल तर तिथे डोळ्याला न दिसणारा चढ असणार, आणि घरापासून तिथवर येईतो तेल नेमकं तापत असणार. गिअरबॉक्सला डोळे नसतात. भिंत कुठली, फाटक कुठलं, त्याला काही कळत नाही. उलट बाजूनं येऊन बघा. गार गाडी घेऊन जाऊन बघा. दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देऊन बघा. एकेक कारण बाजूला काढत गेलं की शेवटी जे उरतं तो बिघाड. मी आयुष्यभर असंच केलं.

तार मात्र काढा.

भाऊजी


१४ मार्च

भाऊजी,

तुम्ही मला पकडलंत. ठीक आहे.

शनिवारी संध्याकाळी तार काढली. त्याआधी बराच वेळ गाडीत नुसती बसून राहिले. मग उठून पाना आणला. सकाळी तार लावली तेव्हा घड्याळात नुसते बारा लुकलुकत होते. ते मी बरोबर वेळेला लावलं, पुढे नाही. आधी काही दिवस गाडी परक्या घरी आल्यासारखी वागली. गिअर कुठे बदलायचा तेच तिला ठरवता येईना. मग आम्हा दोघींचं जमत गेलं. खरं सांगते, वाईट वाटलं. पण चालवायला बरी झाली.

आणि फाटकाशी ती थांबते.

तुमच्या सगळ्या परीक्षा केल्या. नातवाची काचेची गोटी घेऊन गेले आणि भर रस्त्यात ठेवली. पोरकट बाई दिसले असेन. गोटी जागची हलली नाही, म्हणजे चढ नाही, उतार नाही. उलट बाजूनं आले. त्या बाजूनंही भिंतीच्या मध्याशी सुटली आणि फाटकासमोरच आली. मग गाडी घेऊन भिंतीच्या टोकाला जाऊन थांबले, पूर्ण गार होऊ दिली, डबा तिथेच खाल्ला आणि पुन्हा निघाले. तरी तेच.

मग लेक आली होती तेव्हा तिला चालवायला दिली. काही सांगितलं नाही. ती मला ऐकवत होती. "बघ, किती छान चालतेय, आता गिऱ्हाईक मिळेल. तुझं काय अडलंय इथे? शिवायला माझ्याकडेही मशीन आहे." भिंत आली. आवाज खाली आला. लेक बोलायची थांबली. गाडी घरंगळत फाटकाशी आली आणि या वेळी पूर्ण थांबली. इंजिन सुरू, दांडा डी वर, आणि गाडी जागच्या जागी. लेक म्हणाली, "आई, मी ब्रेकला पाय लावलेला नाही." तिनं दोन्ही पाय उचलून मला दाखवले. मागून ट्रक आला, भोंगा वाजवत अगदी घासून गेला. आरसा मुडपला. मग गाडी चालू लागली.

लेकीनं गाडी सरळ घरी आणली. घरी आल्यावर म्हणाली, "महिनाअखेर. मी गिऱ्हाईक घेऊन येते. यावर वाद नको."

टकळीनंही गाडी फिरवून आणली. परत आला तो चावी टेबलावर ठेवून म्हणाला, "मावशी, पैसे नकोत. माझ्याकडे आणू नका." तो माणूस एवढं थोडं कधी बोलत नाही.

तिथे काय आहे म्हणून मी नीट पाहिलं. भिंत गाडीपेक्षा उंच, वरून सावरीच्या झाडाचा शेंडा दिसतो. झाड एकच आहे. फाटकावर हिरवा रंग होता असं वाटतं, पाटी नाही. एखादं बंद पडलेलं गोदाम असावं.

आता सांगा, काय उरलं?

वहिनी


१६ एप्रिल

वहिनींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी नव्हती. विशेष काही नाही.

लेक म्हणते ते बरोबर आहे. गाडी विकून टाका. तिचं वय झालंय. आतल्या झडपांच्या पेटीत बिघाड असणार, तो तिकडे कुणाला सापडणार नाही. अशा गाडीवर जीव धोक्यात घालू नये.

विकली जाईपर्यंत बाजारावरून वळसा घेऊन जात जा. त्या फाटकाशी थांबू नका आणि त्या लहान दारातून आत बघायला तर मुळीच जाऊ नका. जुन्या जागा असतात, साप-किडा असतो.

भाऊजी


२३ एप्रिल

भाऊजी,

महिनाअखेर एक गिऱ्हाईक आलं होतं. लेकीनंच त्याला त्या रस्त्यानं नेलं, तिला खोटं बोलून विकायची नव्हती. तो परत आला तो पायी. तेव्हा गाडी अजून दारात आहे. लेक पुढच्या महिन्यात भंगारवाल्याला बोलावणार आहे.

आता तुमचं पत्र. ते मी बरेचदा वाचलं. मला वाचनाची सवय आहे आणि शाळा फार न झाल्यामुळे मी हळू वाचते, एकेक शब्द बघत.

मी तुम्हाला फाटक लिहिलं होतं. लहान दार लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर मुद्दाम उतरून पाहिलं. आहे. फाटकाच्याच पत्र्यात, अगदी खाली, गवतात बुडलेलं. वाकूनच जावं लागेल असं. जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही.

मग तुम्हाला ते कसं माहीत?

माझी शपथ घालत नाही. तुम्ही मला घड्याळावरून विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं. आता मी विचारतेय.

वहिनी


२ मे

वहिनी,

हे पत्र मी आधी चारदा फाडलं. बायको म्हणाली, "नाही पाठवायचं तर कागद तरी वाया घालवू नका." मग बसलो.

तुमचं पहिलं बाळंतपण आठवा. लेकीच्या आधीचं. तुम्ही तापात होतात, काही शुद्ध नव्हती. बाळ दीड दिवस होतं. मुलगा होता, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं दादानं तुम्हाला सांगितलं की दवाखान्याचे लोक सगळं बघतात, आपल्याला काही करावं लागत नाही. तसं नव्हतं. दादानं त्याला दवाखान्याच्या लोकांकडे दिलं नाही.

मी तेव्हा तुमच्याकडेच राहून काम शिकत होतो. आम्ही दोघं भाड्याच्या रिक्षानं गेलो. भर दुपार होती. बाळ माझ्या मांडीवर होतं, दादाला ते धरवत नव्हतं. फाटक बंद होतं. आतून एका म्हाताऱ्या राखणदारानं ते लहान दार उघडलं. म्हणाला, "लेकरांसाठी हेच दार." दादा वाकून आत गेला, मग मी त्याच्या हातात दिलं आणि वाकून आत गेलो. ती फक्त लहान मुलांना पुरायची जागा आहे. आता कित्येक वर्षं बंद आहे. सावरीचं रोप तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं. त्याच्या उजवीकडे, भिंतीला लागून.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तिला सांगू नकोस. सांगितलं तर ती रोज इथे येऊन बसेल, तिला घरी आणता येणार नाही." मी शब्द दिला. तुम्ही मला एकदा त्याच्याबद्दल विचारलं होतंत, मी चहा प्यायचा सोडून उठून गेलो होतो. तुम्हाला आठवत असेल.

तुमच्या मार्चच्या पत्रात सावरीचं झाड वाचलं आणि मी ते पत्र फळीवर उलटं घालून ठेवलं. तब्येतीला काही झालं नव्हतं.

पण वहिनी, एक मलाही माहीत नव्हतं. दादा पुन्हा तिकडे गेला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्यात त्यावर परत शब्द निघाला नाही. तो रोज कामावर जाताना तिथे गाडी हळू करत असेल, येताना थांबत असेल, हे मला तुमच्या पत्रांतून कळलं. तुम्हाला येऊ द्यायचं नाही म्हणाला, आणि स्वतः रोज.

कामाचं विचाराल तर मी तुम्हाला खोटं लिहिलं. झडपांत बिघाड नाही. तेल बरोबर आहे, चुंबक स्वच्छ आहे, पंप चांगला आहे. पाय आठवणीत राहतो म्हणावं तर ती आठवण तुम्ही तार काढून पुसली, आणि लेकीचे तर दोन्ही पाय वर होते. मी एकेक कारण बाजूला काढलं. जे उरलं त्याला माझ्या कामात नाव नाही. गिअरबॉक्सला डोळे नसतात, हे मी अजूनही म्हणतो. म्हणताना मला घाम येतो.

मला क्षमा करायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी शब्द मोडला आहे, आणि मला बरं वाटतं आहे.

भाऊजी


११ मे

भाऊजी,

पत्र सोमवारी आलं. शिवणखान्यातून आले तेव्हा दाराच्या फटीत होतं. उभ्यानंच वाचलं. मग हातपाय धुतले, कपडे आत आणले, घड्या घातल्या. काही सुचत नाही तेव्हा मी कामं करते, तुम्हाला माहीत आहे.

मग मला राग आला. तुमच्यावर कमी, ह्यांच्यावर फार. समोर असते तर मी भांडले असते. ह्यांना म्हटलं असतं, अहो, मी रोज जाऊन बसले असते तर बसू द्यायचं होतं. दमले असते, आपोआप घरी आले असते. कुणाला तरी हाताला धरून आणावं लागलंच असतं तर तुम्ही होतात ना? या घरात आपण दोघं एकाच ताटाशी बसत होतो. तुम्ही रोज त्याच्याकडे जाऊन येत होतात, आणि माझ्या हातचं जेवत होतात, आणि मला म्हणत होतात तिकडे खड्डे आहेत.

हे सगळं मी मोठ्यानं म्हटलं. घरात कुणी नव्हतं. मग बाहेर जाऊन गाडीत बसले आणि तेच पुन्हा म्हटलं. गाडी बंद होती. चावी माझ्या हातात होती, लावलेली नव्हती. तरी बोलून झालं तेव्हा दांड्यावर ठेवलेल्या माझ्या हाताला खालून बारीक थरथर लागली. इंजिन सुरू असताना लागते तशी. इंजिन सुरू नव्हतं. तुम्ही म्हणालात आवाज शब्दांत पकडा, पण याला आवाज नव्हता. मी हात काढला नाही. ती आपणहूनच थांबली.

मला भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. वाटली. पण ज्या माणसाशी आपण भांडलो त्याची वाटते तेवढीच.

तुम्ही शब्द मोडलात ते बरं केलंत. क्षमेचं नंतर बघू. उन्हाळ्यात या इकडे, समोरासमोर ओरडून बोलू, तुम्हाला ऐकू येईल असं. लेकीला मी सगळं सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "म्हणजे माझा भाऊ." मी म्हटलं, हो, तुझा थोरला. भंगारवाल्याला तिनं नको म्हणून कळवलं. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

एवढं लिहून मी पत्र मिटणार होते, पण पुढचंही तुम्हाला सांगितलं पाहिजे. मंगळवारी मी शिवणखान्यात सुट्टी सांगितली. इंजिन सुरू ठेवून तेल बघितलं, हात पंख्याजवळ नेऊन. मग त्या रस्त्यानं गेले. भिंत लागली, आणि आवाज खाली येण्याच्या आधीच मी स्वतः ब्रेक दाबला. फाटकासमोर गाडी बाजूला घेतली, दांडा पी वर नेला, हँडब्रेक ओढला, चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि उतरून त्या लहान दारातून वाकून आत गेले.

वहिनी